माझी प्रत

शुक्र. ८ डिसेंबर २००६

मीरा सापडली. दुर्बीण टाकीच्या कठड्यावर टेकवून, श्वास रोखून. अगदी पुसट. लालसर म्हणण्याइतकीही नाही, पण आहे. गेल्या आठवड्यात त्या जागी नुसता काळोख होता. फेब्रुवारीपर्यंत ही बया ठळक ताऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसेल, मग पुन्हा उतरेल, मग पुन्हा... वर्षभरापेक्षा थोडा कमी असा हिचा एक श्वास. यंदा कमाल तेज नेमकं संध्याकाळच्या आकाशात येतंय, म्हणजे सोन्याहून पिवळं. मधली कित्येक वर्षं ते सूर्याच्या उजेडात फुकट गेलं.

ह्यांनी तेजाचा काय आकडा ठरवला ते विचारलं नाही, माझा सांगितला नाही. नियमच तो. आधी दोघांनी आपापला लिहायचा, मग तोंड उघडायचं.

लोडशेडिंग होतं म्हणून बरं. अख्खी एव्हरशाईन सिटी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होती, मी मनात आभार मानत होते. सोसायटी गच्चीवर हॅलोजन लावणार म्हणे. चोर येतात. काय चोरायला, टाकीतलं पाणी?

रवि. १० डिसें.

देवधर आला होता. मुंबईच्या आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचा. सगळ्यांचे आकडे गोळा करून पुढे पाठवतो तो. पोरगं आमच्या लेकीएवढं, गौरीएवढं, पण चेहऱ्यावर प्राचार्याचा भाव.

गच्चीवर पोहे घेऊन गेले. डिश हातात घेत म्हणाला, "काकू, तुम्हीही बघत जा की कधीतरी. काकांना सोबत होईल."

मी हसले. थट्टा वाटली. हे हसले नाहीत. हे एकदम आकाशाकडे बघायला लागले.

"काकांचे आकडे कसे गुळगुळीत असतात," देवधर पुढे. "वरखाली नाही. आमच्याकडे एवढा स्थिर डोळा दुसऱ्या कोणाचा नाही."

तो गेल्यावर विचारलं. माझे आकडे कुठे जातात?

"अगं, जातात की. दोघांची सरासरी काढून पाठवतो."

"कोणाच्या नावाने?"

"नावाचं काय एवढं."

सोम. ११ डिसें.

झोप नाही. राग म्हणजे किती यावा. 

दर हंगामाच्या शेवटी मी विचारत आले, माझी प्रत पाठवलीत का? आणि दर वेळी उत्तर, हो, पाठवली. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. पहिली प्रत, दुसरी प्रत. मी मीरेची जी प्रत ठरवली ती पाठवली का, एवढंच विचारत होते. आज सकाळी चहा ओतताना म्हणतात, "मला वाटलं कागदाची प्रत म्हणतेस. झेरॉक्स पाठवत होतोच की."

झेरॉक्स! कसली झेरॉक्स? माझ्या आणि स्वतःच्या आकड्यांची खिचडी करून वर स्वतःचं नाव, आणि त्याची झेरॉक्स.

एका शब्दाच्या आडोशाला माणूस इतकी वर्षं सुखाने बसला. खरंच गैरसमज झाला असेल का? एकदा होईल. दोनदा होईल. दर हंगामाला होतो? जन्म गेला माझा पोरांना सरासरी शिकवण्यात आणि शेवटी मीच सरासरीत गेले.

ह्यांना आकाश दाखवलं कोणी? वसईच्या किल्ल्यातलं ते पहिलं शिबिर. हे सतरंजी धरायला आले होते. आयत्या बिळावर नागोबा.

बोलणं बंद. आजपासून इथे ‘हे’ पण नाही. गृहस्थ. लिहायला गृ.

शनि. १६ डिसें.

अबोल्याचा पहिला आठवडा सुरळीत. गृ. भिंतीशी बोलतात. "ज्यांना बाजारात जायचं त्यांनी पिशवी न्यावी." मीही भिंतीला सांगते, "ज्यांना भूक असेल त्यांनी वाढून घ्यावं."

आज फिलोमिना मासे घेऊन आली. ती राजोडीची. दर दोन दिवसांनी टोपली घेऊन इमारतीत येते. तिच्या मुलीला मी नववीत गणित शिकवलंय, म्हणून मला टीचर म्हणते.

"फिलोमिना, ह्यांना विचार, गच्चीची किल्ली कुठे आहे."

"सायेब, टीचर इचारते, किल्ली कुटं हाय."

"खिशात आहे म्हणावं."

"खिशात हाय." मग माझ्याकडे बघून, "टीचर, मी मासं इकाय आलीय. टपाल नाय मी." पण हसू आवरत नव्हतं तिला. बोंबील मात्र घालून दिले दोन जास्तीचे. बहुतेक कीव आली.

बुध. २० डिसें.

गच्चीवर दोघं. गृ. एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. एक गंमत लक्षात आली. आमचा नियम इतका कडक कधीच पाळला गेला नव्हता. पूर्वी ‘आज चांगलीच चढली हं’ असं काहीतरी निघून जायचंच तोंडातून, आणि मग दुसऱ्याचा आकडा नकळत तिकडे सरकायचा. आता चकार शब्द नाही. भांडणाने निरीक्षण सुधारलं. लग्नात पुरोहिताने हे सांगायला हवं होतं.

मंगळ. २ जानेवारी २००७

चंद्र पूर्ण व्हायला आलाय. सगळं आकाश धुतल्यासारखं पांढरं. तरी दुर्बिणीत मीरा सहज. भराभर चढतेय.

देवधरला फोन केला. स्वतः. म्हटलं, मीही आकडे घेते, इतकी वर्षं घेते, यापुढे माझ्या नावाने घ्या.

"वा वा काकू, छान!" म्हणाला. मग शिकवायला लागला. "मीरा एकटी नाही, माहितीय ना? जोडीदार आहे तिला. लहानसा, पांढरा. आपल्या दुर्बिणीतून वेगळा दिसत नाही. आपण मोजतो तो उजेड दोघांचा मिळूनच."

मला सांगतोय. मी फळ्यावर हे काढून दाखवत होते तेव्हा हा पाटीवर ग म भ न गिरवत असेल. जोडीदार दिसत नाही म्हणून त्याचा उजेड मोठ्याच्या खात्यावर! विश्वातही तीच रीत.

खरा फटका पुढेच. "नवीन निरीक्षक म्हणून तुमचं नाव घेतो. पहिल्या हंगामाचे आकडे आम्ही कच्चे धरतो, राग मानू नका. कमाल तेजाचा आकडा दुसऱ्या कोणाशी जुळला की पक्के."

नवीन. मी.

राग मानू नका असं म्हणणाऱ्याला राग कशाचा येणार ते आधीच ठाऊक असतं.

म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर. फेब्रुवारीत, मीरा शिखरावर असताना. तो जुळला तर मी आहे. नाही तर मी ह्या सगळ्या वर्षांत नव्हतेच.

सोम. १५ जाने.

गौरी पुण्याहून आलीय, संक्रांतीसाठी. येताना तिळगूळ आणला आणि दारातच दोघांच्या तोंडांकडे बघून म्हणाली, "अजून?"

तिळगूळ घ्या, गोड बोला. कोण कोणाला देणार? मी वाटी टेबलावर ठेवली. गृ. आले, एक वडी उचलली, भिंतीला म्हणाले, "ज्यांनी ठेवला त्यांना धन्यवाद." गौरी बाथरूममध्ये जाऊन हसत बसली. मला हसू आलं नाही. खरं म्हणजे आलं, पण दाबलं.

संध्याकाळी ती मध्यस्थी करायला बसली. "आई, बाबा म्हणतायत पुढच्या वेळेपासून दोघांचं नाव टाकू. शैला-विनायक."

"काय दुकानाची पाटी आहे का?"

"अगं पण त्यांना वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय ते पकडले गेले म्हणून. मला माझा आकडा माझ्या नावाने हवाय. जोडून नको, वाटून नको, सरासरी काढून तर मुळीच नको."

"एका ताऱ्यावरून?" म्हणाली.

पोटची पोर. तीही.

मीरा आज नुसत्या डोळ्यांनी दिसली. कोणाला सांगणार?

शनि. २७ जाने.

हॅलोजन लागला. गच्चीच्या दाराच्या वर, थेट डोळ्यांत. सेक्रेटरीला म्हटलं, संध्याकाळी तासभर बंद ठेवा. म्हणाला, "मॅडम, सेफ्टी फर्स्ट. बाकी कोणाची कंप्लेंट नाही." बाकी कोण वर येतं? पापड वाळवणाऱ्या. त्या दिवसा येतात.

गृ. नी मात्र दोन दिवस भांडून शेवटी काळा पुठ्ठा कापून एका बाजूला आड लावला. कुठल्या बाजूला? त्यांच्या कोपऱ्याच्या. मी इकडे भुतासारखी उजळलेली.

सोम. ५ फेब्रु.

आता चंद्र उशिरा उगवतो. मीरा शेजारच्या मेनकार ताऱ्याला तेजात मागे टाकून गेली. आता तुलनेला वरचा तारा हवा, म्हणजे हमाल.

फिलोमिनाला कोळंबी सोलता सोलता हे सगळं सांगितलं. तिनेच विचारलं होतं, रोज वर जाऊन करता तरी काय. म्हटलं, दोन ओळखीचे तारे धरायचे, एक आपल्या ताऱ्याहून तेजस्वी, एक फिका, आणि आपला दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. हमाल दुसऱ्या प्रतीचा आहे. मीरा आता त्याच्या जवळ येतेय.

"हमाल? ठेसनावरचा?"

"तसलाच."

"आनि आकडा लहान तं उजेड मोठा?"

"हो. पहिला नंबर, दुसरा नंबर, तसं."

"मंग बरोबर हाय. पैला तो मोठा." गृ. पेक्षा, देवधरपेक्षा, गौरीपेक्षा हिला लवकर कळलं, असं लिहिणार होते, पण नाही. तिने लगेच विचारलं, "ह्याचं मिळतं काय तुमाला?" म्हणजे तीही त्यांच्यातलीच.

तरी तीच म्हणाली, राजोडीला या. किनाऱ्यावर काळोख असतो, मधल्या वारी हॉटेलवाले गप्प असतात.

मंगळ. १३ फेब्रु.

राजोडी. दुपारीच निघाले. भिंतीला सांगितलं, "ज्यांना जेवायचं त्यांच्यासाठी आमटी आहे." भिंतीने विचारलं नाही कुठे चाललीस.

फिलोमिनाच्या घरामागे सुरूची झाडं, पुढे वाळू, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास नाकात बसलाय अजून. अंगणात खुर्ची दिली. सूर्य बुडाला, आकाश आधी जांभळं, मग काळं, आणि समोर पश्चिमेला, चांगली वर, मीरा. लाल. दुर्बीण गळ्यातच राहिली.

हमाल तिच्या उजवीकडे. एक नजर इकडे, एक तिकडे. परत. परत.

मीरा हमालाच्या वर गेलीय. शंका नाही. १.९.

ही एवढी तेजस्वी मी कधी पाहिली नाही.  एवढ्या सगळ्यांनी मिळून मला सरासरीत घातलं आणि ती तिकडे एकटी, कोणाचं न ऐकता.

फिलोमिना घरातून ओरडली, "टीचर, किती वेळ बगता? डोळं फुटतील. पेज घ्या."

तिच्या शेजाऱ्याच्या फोनवरून देवधरला तिथल्या तिथे कळवलं. गृ. च्या आधी.

बुध. १४ फेब्रु.

गृ. नी कालचा आकडा गच्चीवरून घेतला. मला माहीत नाही किती. विचारणार नाही.

दुपारी भांडी घासताना मनात आलं. काल किती वेळ बघत होते मी?

नियम असा की लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही. पटकन नजर टाकायची, काढायची. टक लावली की लाल रंग डोळ्यांत साठतो आणि तारा फुगतो, आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. हे मी शिकवलंय. ह्या गृहस्थाला मीच शिकवलंय, बोट धरून.

आणि काल मी...

नाही. एक नजर इकडे, एक तिकडे. तशीच पाहिली. पण मध्ये मध्ये?

मला ती तेजस्वी हवी होती. खूप हवी होती. रागाने डोळ्यांना काय होतं ह्याचं कोष्टक कोणी केलेलं नाही.

गुरु. १५ फेब्रु.

ढग. नुसती चिडचिड. सेक्रेटरी जिन्यात भेटला, म्हणाला, "मॅडम, हॅलोजनचा बल्ब कोणीतरी फोडलाय." माझ्याकडे बघत होता. म्हटलं, चोर आले असतील.

मी नाही फोडला. पण आनंद झाला.

शनि. १७ फेब्रु.

संध्याकाळी देवधरचा फोन. गृ. नी उचलला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हात कणकेत.

गृ. चं तोंड बघून कळलं. मग त्यांनी काय केलं, फोनचा तो बोलायचा भाग तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघून, भिंतीकडे नव्हे, म्हणाले, "शैला. तेराचा आकडा. तुझा १.९, माझा २.४."

दोन महिन्यांनी माझं नाव.  

"त्या दिवशी मुंबईभर धुरकं होतं. मंडळात कोणाचाच आकडा नाही. आपले दोनच. आणि एका घरातून इतके लांब. देवधर म्हणतो, सरासरी लावू का. मग तो आकडा पक्का होईल, दोघांच्या नावावर. नाही तर तुझा कच्चाच राहील. कदाचित वगळतील."

 आतून फोनमधला आवाज येत होता, हॅलो, काका, हॅलो.

२.४ कसा आला ह्यांना? गच्चीवर अजून हॅलोजन जळत होता तेव्हा, एका बाजूला पुठ्ठा असला तरी. किंवा मी चढवणार हे ओळखून ह्यांनी उतरवला. किंवा ह्यांचाच बरोबर आहे आणि राजोडीच्या वाळूत बसून मी लाल ताऱ्याला डोळ्यांनी फुगवत होते. कोणी सांगायचं? ती संध्याकाळ गेली. मीरा काल होती तशी आज नाही. परत जाऊन मोजता येत नाही.

सरासरी काढली तर २.१५ येतं. तो आकडा बहुतेक खऱ्याच्या जवळही असेल. आणि माझं नाव त्यावर असेल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पक्क्या अक्षरांत.

"काय सांगू?" गृ. म्हणाले. खरंच विचारत होते. आधी कधी विचारलं असतं तर...

मी म्हटलं, "सरासरी नाही. माझा आहे तसा ठेवा म्हणावं. चुकला असेल तर माझ्या नावावर चुकू दे. वगळायचा तर माझं नाव घेऊन वगळा."

 वाटलं, गृ. आता समजावतील. हे बघ शैला, व्यवहार म्हणून...

तळहात काढला. फोनमध्ये म्हणाले, "देवधर, ती म्हणते सरासरी नाही. तिचा आहे तसा ठेवा. चुकला असेल तर तिच्या नावावर चुकू दे. वगळायचा तर तिचं नाव घेऊन वगळा."

शब्दाला शब्द. मध्ये स्वतःचं काही नाही.

मग फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. मी कणीक मळायला गेले. दोघंही पुढे काही बोललो नाही. हा अबोला तोच की दुसरा, मला माहीत नाही. देवधर काय ठरवतो तेही नाही.

आकाश मोकळं होतं. वर गेले नाही.